तुझाच नियम

प्रिय सेकित्तोदादा,

आपलं खुलं सॉफ्टवेअर फ्रेमवर्क जुन्या फोनांवर चालवणं बंद करायचा तुझा प्रस्ताव वाचला. नियम तूच घातलास: शुक्रवारपर्यंत ते सांभाळणाऱ्या आपल्यापैकी कुणीच हरकत घेतली नाही, तर ती संमती. आज शुक्रवार. सगळे गप्प. तुझ्यापुढे कोण बोलणार?

सकाळी गुलूहून ओपियोचा फोन आला. त्याच्या दवाखान्यातल्या नर्सेस त्याच जुन्या फोनांवर बाळांच्या लसी नोंदवतात.

“ताई, तुम्ही बोला ना.”

“तूच लिही की.”

“मी नुसता वापरणारा, माझी हरकत कोण धरतंय? वर दादा म्हणतील, नवे फोन घ्या. घेतो की, त्यांनीच पाठवले तर!”

तो हसला. मला जमलं नाही.

कंपालाच्या त्या खोलीत माझ्या ताटातलं मटोके, ते उकडलेल्या कच्च्या केळ्यांचं, खात तूच मला कोड शिकवलंस. म्हणून तुला लागणार नाहीत असे शब्द शोधत इथे बसले होते. सापडले नाहीत. उठून तुझ्या प्रस्तावाखाली, सगळ्यांदेखत, एवढंच लिहिलं: माझी हरकत आहे.

दुपार झाली. तू वाचलंयस, पण गप्प आहेस. तुझ्याच नियमाने याला संमती समजू का?

हे विचारायचं धाडस नाही, म्हणून पत्र न पाठवता ठेवूनच देते.

तुझी धाकटी,
नाकाबुये