दोन खोल्या, एक दुकान आणि माझी फुफ्फुसं

…त्या दिवशी सकाळी मी दुकानासमोर झाडलं, पाणी शिंपडलं, जुन्या गादीची शिवण उसवून कापूस उन्हात पसरला. हे आत कापूस पिंजत होते आणि नेहमीसारखे खोकत होते. मी म्हटलं, "अहो, तोंडाला फडकं तरी बांधा."

हे म्हणाले, "तू बांधतेस का? तोच कापूस तूही खातेस. तुला कुठं काय होतंय?"

वकीलसाहेब म्हणतात, मृत्युपत्रात आठवणी नकोत, मालमत्ता लिहा. पण माझी मालमत्ता ह्यांच्या त्या वाक्यापासूनच सुरू होते.

तर मी, गादीवाल्यांची बायको, आता त्यांची विधवा, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्या धाकाला किंवा लाडीगोडीला बळी न पडता हे लिहून ठेवते. (लाडीगोडी पुतण्यानं लावून पाहिली. लागली नाही.)

१. दुकान आणि वरच्या दोन खोल्या माझ्या नावावर आहेत. माझ्यामागे त्या विकाव्यात आणि सगळी रक्कम दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंच्या अभ्यासाला द्यावी. ह्यांच्या खोकल्याचं नाव बाईंना ठाऊक होतं. पण एकाच धुळीत नवऱ्याला तो होतो आणि बायकोला का नाही, हे त्यांना सांगता येईना. त्या तेच शोधतायत, आणि पैशाअभावी वर्षअखेरीला अभ्यास बंद पडणार होता.

मी विचारलं, "एवढी मोठी देणगी आली ना तुमच्याकडे?"

"ती इमारतीला, आजी. भिंतीला दाते मिळतात. अभ्यासावर पाटी कुठं लावणार?"

इमारत बांधणाऱ्या शेठजींना मी नावं ठेवत नाही. त्यांच्यामुळं ह्यांना खाट मिळाली, श्वासाचं यंत्र मिळालं. पण त्या खाटेवर कोणाला यावंच लागू नये, यासाठीही कोणीतरी द्यायला हवं. मला मरायची घाई नाही, अभ्यासाला आहे. म्हणून चष्मेवाल्यांकडून येणारं दुकानाचं भाडं या महिन्यापासूनच तिकडं जाईल. पाटी लावू नये.

२. माझी दोन्ही फुफ्फुसं डॉक्टरीणबाईंना. त्यांच्या दम मोजायच्या नळीत मी फुंकर मारली तेव्हा काटा टोकाला गेला आणि बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. ह्यांनी तसं फक्त चांगल्या कापसाकडं बघितलं होतं. बाकीचं काय करायचं ते बाईंनी ठरवावं. गुडघे घेणार असतील तर आजच घ्यावेत.

३. पुतण्याला माप घ्यायची फीत. मी जिवंत असताना त्यानं दुकान आपल्या फोमच्या गाद्यांसाठी तीनदा मोजलं, तेही उसन्या फितीनं. आता स्वतःची असावी.

४. मोठ्या जाऊबाईंना मोठी कात्री. ती त्यांच्याकडेच आहे. मागायचं मी सोडते, विसरायचं नाही.

५. दोरा ज्या छापील कागदात गुंडाळून यायचा, त्यावरून मी वाचायला शिकले. पुढं घेतलेली पुस्तकं वॉर्डाबाहेर बसणाऱ्या नातेवाइकांसाठी ठेवावीत. तिथं माणूस औषधाच्या खोक्यांवरचं बारीक अक्षरसुद्धा पाठ करतो.

ठिकाण: वरची खोली. तारीख: वकीलसाहेबांच्या शिक्क्यावर आहे ती. सही माझीच, अंगठा नाही.

साक्षीदार दोन. एक चष्मेवाले, कारण ते खालीच असतात. दुसरी वॉर्डातली सिस्टर, आणि तिला बोलावण्याचं कारण आहे. इमारत नवी, पण गाद्या जुन्याच. ह्यांना खाटेवरची गादी टोचायला लागली तेव्हा ह्यांनी कडेची शिवण उसवली, आत हात घातला आणि निकाल दिला, "चिंध्या आहेत."

सिस्टर म्हणाली, "बाबा, ही दवाखान्याची आहे."

"म्हणून तर नीट शिवून देतोय. मजुरी नको."

कॉलरला टोचलेली सुई काढून, कुशीवर वळून, दम लागेल तिथं थांबत हे रोज थोडं शिवायचे. वीतभर राहिलं आणि हे गेले. सिस्टरनं ती गादी टाकू दिली नाही, बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशी मी सुई-दोरा घेऊन वॉर्डात गेले आणि राहिलेली शिवण घातली.