शबनमच्या कानात

४ मे
झाला एकदाचा सत्कार! लासूर स्टेशनच्या चौकात केवढा फ्लेक्स — आमचे हे, फेटा बांधून. जिच्या जिवावर पुण्याच्या रेसकोर्सवर नाव कमावलं ती शबनम कोपऱ्यात. त्यातही नुसतं नाक! वक्ता म्हणाला, "रामकिसनरावांनी कानात मंत्र सांगितला की घोडं वारं होतंय." टाळ्या. हे मान खाली घालून बसले, लाजल्यासारखे. घरात दूध नासतं तेव्हा कुठं जातो मंत्र?

सत्यम मागच्या रांगेत होता. जो तो त्याला विचारतो, "बापानं मंत्र दिला का रं?" शाळा सुटल्यापासून पोरगं तबेल्यात राबतंय. पण मंत्र नाही म्हणून एकही मालक त्याच्या हाती घोडा देत नाही. मला राग येतो. यांचा.

६ मे
दौलताबादच्या शेतावर आलो. शबनम आता इथंच असते, निवृत्त. धीर करून विचारलं, "पुण्याचा तबेला पोराला कधी सोपवणार?" हे लगेच शबनमच्या कानाशी वाकले, पुटपुटायला लागले. मंत्र चालू असताना बोलायचं नसतं. उभी राहिले. मग राहूनच गेलं.

७ मे
कारभारी भावजींचा हट्ट — त्यांच्या सार्थकच्या वरातीला शबनमच पाहिजे. हे म्हणाले, "न्या." नुसतं "न्या"! शर्यतीची घोडी ती. फटाका वाजला की नवरदेव थेट वेरूळला!

१० मे
फटाक्यांची माळ पायाशीच फुटली. बँडवाले पळाले, भावजी पळाले. शबनम उभी! कुणाच्या तरी हारातला झेंडू चघळत. लोक ओरडले, "बघा, मंत्र!"

मला शंका आली. शेतावर परत आणल्यावर तिच्या मागं जाऊन पितळी ताट आपटलं. कान हलला नाही.

"अहो, ही बहिरी आहे!"

"व्हय. जन्मापासनं. म्हणून तर घेतली. कशाला बिचकत नाय."

"मग कानात काय सांगता?"

"काय बी. भाजीचे भाव." वर हसले! "मंत्र घोड्याला नसतोय गं. शर्यतीआधी मालक लई डोकं खातेत — जॉकीला हे सांग, ते सांग. मी कानाशी लागलो की गप हात जोडून उभे."

हसून हसून पोट दुखलं. एवढे मोठे बिल्डर, कारखानदार, वांग्याच्या भावापुढं हात जोडून!

११ मे
हसू गेलं. सहा तारखेला मी कशी उभी होते? हात जोडूनच की! लग्न झाल्यापासून किती वेळा उभी राहिले असेन, देव जाणे.

१२ मे
पुन्हा विचारलं. हे घोडीकडे वळले. मी बोलतच राहिले. तिला कुठं ऐकू येतंय! शेवटी यांचीच भाजी संपली.

१४ मे
सत्यम तबेल्याच्या किल्ल्या घेऊन पुण्याला निघाला. मुद्दाम भावजींना बोलावलं होतं — म्हणजे गावभर होईल. त्यांच्यासमोर यांना म्हणाले, "द्या आता मंत्र." यांनी सत्यमच्या कानात काहीतरी सांगितलं. भावजींनी हात जोडले.

गाडीपाशी पोराला हळूच विचारलं, काय सांगितलं रे?

"कोथिंबीर स्वस्त झाली म्हणे."