मुलतानीचा गंधार

गिरगाव,
रविवार दुपार

प्रिय मनवा,

तू गाऊन पाठवलेल्या दोन्ही मुलतानी ऐकल्या. पहिली भाजी निवडताना, दुसरी जेवणं आटोपून बाबा आडवे झाल्यावर. मग पुन्हा पहिली, पुन्हा दुसरी. गंधार कुठल्या मुलतानीत बरा लागलाय, कार्यक्रमात कुठला धरू, असं तू विचारलंस. त्याचंच उत्तर द्यायला बसलेय, पण ते एका ओळीत मावणार नाही. फोनवर सांगायला गेले तर तू लगेच गाऊन दाखवतेस. म्हणून कागद घेतला.

सध्या मी खूप ऐकते गं. बँकेत होते तेव्हा इतका वेळ कुठला मिळायला! सकाळी तोडी लावते. संध्याकाळी मारवा आणि त्याच्या पाठोपाठ पूरिया. दोघांचे सूर तेच, मग नावं दोन कशाला, म्हणून तू शाळेत असताना हुज्जत घातली होतीस. मी म्हणाले होते, दोघी सख्ख्या बहिणी, पण मारवा ही अशी बाई की कितीही आग्रह करा, बसायची नाही, दारातच उभी राहणार. तुला ते इतकं पटलं की बेळगावला तुझ्या गाण्याच्या बाईंनासुद्धा तू तेच सांगितलंस आणि त्या हसल्या. मला गाता कधीच आलं नाही. पण कान होता. तो अप्पांचा. तुझे आजोबा घोडपदेवच्या खोलीत भजनाआधी पखवाजाला कणीक लावून तो सुरात आणायचे तेव्हा मला समोर बसवायचे. मी मान हलवली की थांबायचे. गिरणीतल्या खडखडाटात आयुष्य गेलं माणसाचं, पण कान शेवटपर्यंत शाबूत. तू रियाजाला बसायचीस तेव्हा मी स्वयंपाकघरातून पोळ्या लाटता लाटता ओरडायचे, "चढला!" "उतरला!" तू चिडायचीस आणि सूर नीट लावायचीस.

चैत्रात माझ्या मेंदूत ती बारीकशी गुठळी झाली तेव्हा तू धावत आलीस. हात हलतो, जीभ वळते, आई सगळ्यांना ओळखते, हे बघून निर्धास्त होऊन परत गेलीस. परळच्या हॉस्पिटलातून मला घरी आणलं त्या संध्याकाळी बाबांनी मोठ्या हौसेने स्पीकरवर यमन लावला. मी म्हणाले, "अहो, बंद करा ते. काय भांडी आपटल्यासारखं लावलंय!" त्यांना वाटलं, दमलेय. मला वाटलं, स्पीकर बिघडला. दुसऱ्या दिवशी बाबा तो दुरुस्तीला घेऊन गेले. दुकानदाराने तिथेच गाणं लावून दाखवलं आणि म्हणाला, "काका, एकदम ओके आहे, घेऊन जा." घरी आणून परत लावला. तीच भांडी.

मग मी तुझा तानपुरा लावून बघितला, फोनमधला. पाण्याचा पंप चालू झाल्यासारखं वाटलं. बाबा बोलतात ते कळतं, खाली मासेवाली ओरडते ते कळतं, बंदिशीतले शब्दसुद्धा कळतात. फक्त सूर कळत नाही. एक सूर वर आणि एक खाली, एवढंही नाही. यमनही तोच, भैरवीही तीच, शेजारच्या सीमाचा मिक्सरही तोच. डॉक्टरांना विचारलं. भला माणूस आहे. तो म्हणाला, "होतं असं कधी कधी. येईल परत, नाहीही येणार. औषध नाही. बोलणं वाचलं हे नशीब समजा." मी मान डोलावली. नशीब आहेच, कोण नाही म्हणतंय? सगळे तेच म्हणतात. कुणाकडे रडू सांग? शेजारच्या बायकांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, गाणंच ना, नाही ऐकलं तर काय बिघडतं?

मागच्या महिन्यात बाबा मला दादरला एका बैठकीला घेऊन गेले. समोर बसून ऐकलं तर कदाचित उघडेल काहीतरी, असं त्यांच्या मनात. गवई चांगला असावा. माणसं डोलत होती, "क्या बात है" म्हणत होती. मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसले. भर बाजारात माझ्यासमोर सगळे कुठल्या तरी परक्या भाषेत बोलतायत आणि ती भाषा काल माझी होती, असं काहीसं. मला रडू आवरेना. शेजारच्या बाईंनी माझा हात धरला. "किती रमता हो तुम्ही! असा श्रोता हवा," म्हणाल्या. मी हात तसाच राहू दिला.

मागच्या वेळी तू गाणं पाठवलंस तेव्हा तुला "छान झालंय, चालू ठेव" असा मेसेज गेला ना, तो बाबांनी लिहिला होता. मला न विचारता. तुला तेव्हाच शंका यायला हवी होती, मी कधी नुसतं "छान झालंय" म्हणते का? बिचारे सध्या स्वतः ऐकून मला समजावून सांगायचा प्रयत्न करतात. "हा जरा जाड वाटतोय, तो बारीक," असं. हसू येतं आणि दुसऱ्याच क्षणी येत नाही. त्यांचं म्हणणं, पोरीचा दादरचा पहिला कार्यक्रम आहे, तो होऊ दे, मग सांगू. आत्ता सांगितलं तर ती गाणार कशी? त्यांचंही खरं आहे. मला कळत नाही, मनवा, यात बरोबर काय. आज तुझ्या दोन्ही मुलतानी दोन-दोन वेळा ऐकल्या. आवाज तुझा आहे, एवढं नक्की कळलं. तू खोकलीस तेही कळलं. गंधार कुठल्यात बरा आहे, ते मला माहीत नाही.

बाबांचं न ऐकता तुला लिहितेय, कारण तू गाताना माझ्याकडे बघतेस. लहानपणापासूनची खोड आहे तुझी, समेवर आलीस की आधी आईचं तोंड. त्या दिवशी मी पहिल्या रांगेत बसणार, नेसायची साडीसुद्धा काढून ठेवलीय. तू बघशील आणि माझ्या चेहऱ्यावर काहीच नसेल. बाबा मला म्हणतात, "मी हात दाबीन तेव्हा तू मान हलव." ते मला जमणार नाही. तुला खोटी मान मी कधी हलवली नाही. तेव्हा तो कोरा चेहरा बघून तुझा सूर गेला असं समजू नकोस, गंधार तिथून हलवू नकोस. गेलंय ते माझं. तू माझ्याकडे बघूच नकोस, असं लिहिणार होते, पण तेही लिहवत नाही. बघ. फक्त कसा लागला, ते विचारू नकोस.

तुझीच,
आई