डॉट दिला की सगळं दिसतं

संगमनेर, शुक्रवार संध्याकाळ

मागच्या आठवड्यात दूध संकलनाच्या सॉफ्टवेअरमधली, डेअरीच्या कॉम्प्युटरवर असायची ती सेटिंगची फाईल मी काढून टाकली आणि त्या सगळ्या सेटिंग माझ्या कोडमध्ये, एका क्लासमध्ये, म्हणजे एकाच नावाच्या गठ्ठ्यात आणल्या. आता नावं आठवत बसायला नको. कोड लिहिताना क्लासच्या नावापुढे डॉट दिला की एडिटर सगळी नावं समोर मांडतो. काय खूश होते मी!

आणि आज दुपारी एका गावातल्या डेअरीचे सचिव दादाभाऊ फोनवर. "ताई, ती फाईल कुठं गेली वो?"

त्यांच्याकडे आज जत्रा. कुस्त्यांचा हगामा बघायला जायचं म्हणून लोकांनी धारा लवकर काढल्या आणि कॅन घेऊन डेअरीच्या दारात येऊन उभे राहिले. मशीन मात्र सहाच्या आत दूध घेईना. दादाभाऊ म्हणे दर जत्रेला ती फाईल उघडून सहाचे चार करायचे. हे मला कुणी सांगितलंच नाही. की मीच विचारलं नाही?

वेळ बदलून नवं व्हर्जन पाठवेपर्यंत शेवटची कुस्ती झालीसुद्धा.

मग चुकलं काय? क्लास तर बरोबरच आहे. डॉट दिला की संकलनाची वेळ पहिलीच दिसते. पण मला दिसते. फाईल परत ठेवायची, तर मग क्लास कशाला केला? काही कळेनासं झालंय.

दादाभाऊ चिडलेसुद्धा नाहीत. फोन ठेवताना एवढंच म्हणाले, "पोळ्याला बी दूध लवकरच घ्यावं लागतंय, ताई. परवानगी आत्ताच मागून ठेवू का?"