मधल्या वाफ्यातला वेल

ती. ताईस सादर नमस्कार.

आम्ही इकडे खुशाल आहोत (नक्की कितपत, ते पुढे वाचून तूच ठरव). तुझा गुडघा आता कसा आहे? भावोजींचा खोकला गेला की अजून घरभर मुक्काम ठोकून आहे? तू पुढच्या महिन्यात येतेस हे वाचून सगळ्यांना आनंद झाला. मला मात्र धास्ती वाटली, कारण पिशवी रिकामी आणीन आणि परसबागेतल्या भाजीने भरून नेईन, असं तू लिहिलं आहेस.

तर परसबागेविषयी. आई गेल्यापासून बाबा खिडकीजवळच्या खुर्चीतून उठत नाहीत, त्यांना काहीतरी उद्योग दे, हे तुझंच म्हणणं. म्हणून एका रविवारी बाबा, तुझी भावजय आणि मी जेवणाच्या टेबलाशी बसून कुठल्या हंगामात काय पेरायचं ते ठरवायला घेतलं. निम्मा वेळ सध्या हंगाम कोणता यातच गेला. बाबांचं मत, पंखा लागतोय तोवर उन्हाळा, तेव्हा भोपळा. हिचं मत, शाली बाहेर काढल्या की थंडी सुरू, तेव्हा वाटाणा. मी म्हटलं, वाद कशाला, बियांच्या पाकिटावर बघू. पाकिटावर छापलं होतं, ‘योग्य हंगामात पेरावे’. (छापणाऱ्याच्या घरीही वडील आणि बायको असणार.) शेवटी तीन वाफे तिघांना वाटून दिले आणि सभा उठली.

पण दिवसभर ऊन येतं ते फक्त मधल्या वाफ्यावर, हे तुला ठाऊक आहेच. तो वाटणीत कुणाला गेला होता, हे आता मलाही सांगता येत नाही. बाबा दुपारी आमचा डोळा चुकवून तिथे माती उकरताना दिसले. हिने संध्याकाळी तिथेच वाटाणा टोचला. आणि मी, घरात शांतता राहावी एवढ्याच हेतूने, कुणाला न सांगता काकडीचं बी टाकलं. कडेचे दोन्ही वाफे रिकामे राहिले (तिथे हल्ली शेजारची मांजर झोपते). मधल्या वाफ्यात मात्र एक वेल उगवला. बाबांच्या मते तो भोपळा, हिच्या मते खत जास्त झालेला वाटाणा आणि माझ्या मते काकडी. उपटायची कुणाची छाती नाही, न जाणो दुसऱ्याचं पीक निघायचं. त्यामुळे तिघंही खत घालतो आणि तिघंही पाणी. वेल आता कपड्यांच्या दोरीवर चढला आहे आणि ओले कपडे खुर्च्यांवर वाळतात.

एक मात्र झालं. बाबा सकाळी आपणहून उठतात, चपला घालतात आणि वेलापाशी स्टूल टाकून बसतात. दुकानाला जायच्या आधी मीही चहा घेऊन शेजारी बसतो. परवा तर ते हसले (वेलाकडे बघून की माझ्याकडे, ते कळलं नाही). मला फार बरं वाटलं गं.

आणि इथेच माशी शिंकली. गेल्या आठवड्यात दुकानामागे कचरा टाकायला गेलो, तर गटाराच्या कडेने तोच वेल. तीच पानं, तेच पांढरं फूल. कुणी पेरला नाही, कुणी खत घातलं नाही, आणि आपल्यापेक्षा तरारलेला. जन्मभर लोकांचे डोळे तपासून चष्मे विकले, आणि स्वतःच्या वाफ्यातलं तण दिसलं नाही. बाबांना सांगावं तर ते पुन्हा खुर्चीत जाऊन बसतील. न सांगावं तर फळ कुठून आणू? हिला विश्वासात घ्यावं तर हिच्या तोंडात तीळ भिजत नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये हा वेल. मला काही सुचेनासं झालं आहे.

असो. आपल्या घरच्या रिवाजाप्रमाणे ही आणि बाबा खाली दोन दोन ओळी लिहितीलच, त्यांच्यासाठी जागा सोडतो.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. पिशवी रिकामी आणू नकोस. त्यात एक मध्यम भोपळा आण, देठासकट. मी तो हळूच पानांखाली ठेवीन. घरात कुणाला यातलं अक्षरही कळता कामा नये.

ता. क. ताई, नमस्कार. ते तण आहे हे मला पहिल्या फुलालाच कळलं होतं. मामंजी उठून बसायला लागले म्हणून मी गप्प राहिले. माझ्या तोंडात तीळ भिजतो, एवढं तुमच्या भावाला भेटीत सांगा. भोपळा अवश्य आणा. — तुमची भावजय

ता. क. चि. थोरलीस अनेक आशीर्वाद. भोपळा आणू नकोस, तुझ्या गुडघ्याला ओझं नको. माझं बी अजून सदऱ्याच्या खिशातच आहे. माती उकरली, पण तुझ्या आईशिवाय पेरावंसं वाटेना. वेल रानटी आहे हे मी उगवल्या दिवशीच ओळखलं. पण हा रोज चहा घेऊन माझ्याजवळ बसतो, तिच्या आठवणी काढतो. फळ धरलं की त्याचं बसणं थांबेल. तेव्हा त्याला काही बोलू नकोस. पत्र मीच पाकिटात घालतो आहे, आणि पेटीत टाकायलाही मीच चाललो आहे. — बाबा