जाळीआडचा खेकडा

१२ फेब्रुवारी

चि. बेबीस,
अ. उ. आ.

रविवारी, ९ फेब्रुवारीला, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, मी आंघोळीला गेलेली असताना, तू बाबांच्या शंखांचे दोन्ही ट्रे एका काचेच्या बरणीत ओतलेस आणि बरणी टीव्हीशेजारी मांडलीस. वर, कशी शोभते म्हणून मलाच विचारलंस! मी दुपारच्या बसने निघाले ती त्यामुळे. डोकं दुखत होतं ही थाप होती.

सगळे शंख एकसारखेच तर आहेत, असं तू म्हणालीस. छत्तीस वर्षं मी लोकांच्या मुलींना जीवशास्त्र शिकवलं आणि घरात हा उजेड!

पुन्हा सांगते. बाबा संशोधन केंद्रात टाक्या सांभाळायचे. तिथून त्यांनी समुद्री गोगलगायीची अंडी आणली, सगळी एकाच आईची. पिल्लं दोन टबांत वाटली. एकात नुसतं खारं पाणी. दुसऱ्यात जाळीआड एक खेकडा. तो कुणाला शिवूही शकत नव्हता. पाण्यात त्याचा वास होता, तेवढ्यानेच त्या पिल्लांचे शंख जाड झाले. पट्टे मात्र दोन्हीकडे आईचेच, तीन तपकिरी. मी नऊ वर्षांची, फूटपट्टी धरायचे. तू टबात कागदी होड्या सोडायचीस.

त्याच वर्षी मला कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात धाडलं. तुला नाही. मदर सुपीरियरने मला कधी छडी लावली नाही. जिन्यावर तिच्या बुटांचा आवाज पुरायचा.

तुझ्याकडे कायमचं राहायला ये म्हणतेस. जिथे बाबा शोभेच्या बरणीत आहेत, तिथे मी येणार नाही.

लोभ आहे, तो टिकेल असं वाग.

तुझी,
ताई

---

२० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र उभं राहूनच वाचलं. बसायची हिंमत झाली नाही.

चुकले. तीन दुपारी डोळे मिटून एकेका शंखाची कड अंगठ्याने चाचपत बसले. पातळ एक्केचाळीस, जाड अडतीस. एक कुठेच बसेना. टोकाशी पातळ, मध्ये एकदम जाड, आणि तोंडाची कड पुन्हा पातळ. मग माळ्यावरून बाबांची वही काढली. त्यांनी लिहिलंय की थोरली गेली त्या दिवशी एक पिल्लू साध्या पाण्यातून खेकड्याच्या टबात टाकलं, आणि ती सुट्टीला आली तेव्हा परत काढलं. नवी कड पातळ येते आहे. जाड झालेलं मात्र जात नाही. पुढे पान पाण्याने फुगलंय.

तुला सांगितलं नव्हतं, पण मला वाटायचं, तू हुशार म्हणून तुला पाठवलं आणि मी ढ म्हणून घरी ठेवलं.

बरणीत आता साखर आहे. खिडकीजवळची कॉट रिकामीच आहे. रागावलीस तरी चालेल, पण इथे येऊन रागाव.

तुझी,
बेबी

---

२६ फेब्रुवारी

चि. बेबीस,
अ. उ. आ.

एकूण ऐंशी. हिशेब बरोबर आहे, याचंच आश्चर्य वाटलं.

ती वही इतकी वर्षं माळ्यावर पडू दिलीस याबद्दल स्वतंत्रपणे बोलेन. आधी माझी चूक लिहिते, कारण ती मी तोंडाने कबूल करणार नाही: लहानपणापासून दर सुट्टीत मी ट्रे पुसायचे आणि तो एक शंख डोळे झाकून जाडांच्या रांगेत ठेवायचे. त्याची कड कधी बघितलीच नाही. आणि ढ तू नव्हतीस. बाबांच्या केंद्रातल्या मोठ्या बाईंनी वसतिगृहात एकाच मुलीची सोय केली होती, म्हणून एक घरी राहिली.

तर ऐक. मी पाचला उठते. चुका दाखवते. मोठ्याने टीव्ही सहन करत नाही. हे सगळं आता जाणार नाही, बाबांनीच लिहून ठेवलंय. हे मान्य आहे का, आणि ती कॉट माझीच ना, एवढं शनिवार, ८ मार्चला दुपारी बाराच्या आत माझ्या हातात पडेल असं लेखी कळव. फोन करू नकोस. पत्र आल्यापासून माझा घसा बसलाय.

ताई