उथळ कोरलेलं नाव

तीर्थरूप बाबा, इथूनच पाया पडतो.

मी मजेत आहे. खोकलाही जवळजवळ गेलाय. आईचे गुडघे कसे आहेत?

युद्ध संपल्याच्या आठवणीचा, पडलेल्या पोरांच्या नावांचा गावाबाहेरचा दगड आज कोरून पुरा झाला. बेपत्ता पोरांचीही नावं घाला, असं गावाचं म्हणणं पडलं. त्यातल्या एकाची आई रोज येऊन बसायची, वाटेकडे डोळे लावून. माझ्याच्यानं घाव घालवेना. त्याचं नाव मुद्दाम उथळ कोरलं. परत आलाच तर घासून काढता येईल.

आज तिनं सगळ्या नावांवरून बोट फिरवलं. म्हणाली, "माझ्याच लेकाचं का रे असं वरवर?"

उद्या ते खोल करायचंय. तुम्ही इथं असता, तर छिन्नी तुमच्या हातात दिली असती.

तुमचा धाकटा